सूचीवाचून ग्रंथ

शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १९४३ साली प्रसिद्ध झाला. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची ती विषयवार नोंद होती. १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा भाग यायला १९६१ साल उजाडले. दीडशे वर्षांचे मराठी मुद्रण एका माणसाने ग्रंथालयांतून हिंडून, शीर्षकपृष्ठे ताडून एका जागी मांडले. आज एखादे जुने मराठी पुस्तक संगणकावर शोधू लागले की दात्यांची आठवण होते, आणि तिच्यात कृतज्ञतेइतकीच खंतही असते.

दात्यांपूर्वी याद्या नव्हत्या असे नाही. मुंबई इलाख्यात १८६४ अखेर छापल्या गेलेल्या देशी पुस्तकांची यादी सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या नावावर आहे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाची नोंदणी बंधनकारक झाली आणि सरकार त्रैमासिक याद्या काढू लागले. ब्रिटिश म्यूझियममधील मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ ची. परंतु सरकारी याद्यांमागे छापखान्यांवर नजर ठेवण्याचा हेतू होता, आणि ब्लूमहार्टांना आपल्या संग्रहालयाच्या कपाटांपलीकडे पाहण्याचे कारण नव्हते. मराठी वाचकाच्या बाजूने समग्र मराठी ग्रंथसंपदेकडे पाहण्याचे काम दात्यांनी केले.

पुढचा मोठा उद्योग एकविसाव्या शतकाच्या आरंभीचा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांनी दहा लक्ष पुस्तके संगणकावर आणण्याची योजना मांडली. भारतात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पुढाकाराने तिला 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'चे रूप आले. देशभर स्कॅनिंगची केंद्रे उभी राहिली आणि कपाटांच्या तळाशी पडलेली पुस्तके पानापानाने पडद्यावर येऊ लागली. मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयात जाऊन दिवस घालवल्याखेरीज जे पुस्तक दिसत नसे, ते आडगावातल्या अभ्यासकाला घरबसल्या मिळू शकेल, ही कल्पना साधी नव्हती. या उद्योगाची थोरवी नाकारण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

दोष राहिला तो नोंदींत. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी उपलब्ध होती. भारतीय लिप्यांच्या रोमनीकरणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही २००१ साली ठरले होते. तरीही मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत आणि मनास येईल तशी लिहिली गेली. 'ज्ञ' या अक्षरासाठी कोणी 'जे-एन' लिहितो, कोणी 'डी-एन-वाय', कोणी 'जी-वाय'. 'ळ' आणि 'ल' रोमनमध्ये एकच होऊन बसतात. असंख्य नोंदींत लेखकाच्या जागी 'नॉट अव्हेलेबल' एवढेच शब्द आहेत. विषयाच्या रकान्यात 'बनस्थली' असे लिहिलेल्या नोंदी कित्येकांनी पाहिल्या असतील. बनस्थली हे राजस्थानातील गाव, तेथील विद्यापीठामुळे ख्यात. पुस्तकाचा विषय ते कसे काय झाले, हे नोंदणाराच जाणे!

याला नोंद भरणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्याचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. रोज किती पाने झाली हे मोजता येते. एका शीर्षकपृष्ठापुढे सूचीकार किती वेळ थबकला हे कोणत्याही अहवालात मावत नाही. आणि थबकावे तर लागतेच. पुस्तकावर 'शके १८००' असेल तर त्यात ७८ मिळवून १८७८ हे साल काढायचे असते. शक आणि सन यांतला फरक ठाऊक नसणारा सरळ १८०० लिहून मोकळा होईल आणि पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारे होईल. राम गणेश गडकऱ्यांची नाटके त्यांच्या नावावर आणि कविता 'गोविंदाग्रज' या नावावर आहेत. दोन्ही माणसे एकच, हे कुणीतरी नोंदीत जोडून द्यावे लागते. हे ज्ञान यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही.

चुकीच्या नोंदीची किंमत केवळ शोधणाऱ्याच्या वैतागापुरती राहत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार चालतो. लेखक कोण हेच नोंदीत नसेल, तर पुस्तक मुक्त झाले की नाही हे ठरवायचे कशावरून? २०१७ च्या सुमारास हे संकेतस्थळ प्रताधिकाराच्या तक्रारींपायी बंद झाले. सरसकट सगळे झाकावे लागले, त्याचे एक मूळ या रिकाम्या रकान्यांत आहे असे मला वाटते. मुक्त पुस्तके वेगळी काढून दाखवता आली असती तर निदान तेवढी तरी उघडी ठेवता आली असती.

सुदैवाने कार्ल मालामूद यांच्या खटाटोपाने त्यांतील चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर पोचल्या. त्या पुस्तकांबरोबर जुन्या नोंदीही जशाच्या तशा गेल्या. आता संगणक देवनागरी छपाई वाचू लागला आहे, तेव्हा सूची हवी कशाला, मजकुरातच शोधता येईल, असे म्हणणारे भेटतात. सुबक टाइपातल्या पुस्तकांपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण एकोणिसाव्या शतकातली शिळाछापाची पुस्तके, त्यांतले हाती लिहिलेले अक्षर, झिजलेले खिळे, पुसट पाने यांपुढे यंत्र अडखळते. आणि नेमकी हीच पुस्तके इतरत्र मिळत नाहीत. शिवाय मजकुरात शोधायला काय शोधायचे हे आधी माहीत असावे लागते. अमुक विषयावर १८८० पूर्वी मराठीत काय काय छापले गेले, या प्रश्नाला तिथे उत्तर नाही. दात्यांच्या विषयवार पानांवर ते आहे.

म्हणून मी आजही दोन्ही समोर ठेवून बसतो. दात्यांच्या सूचीतून नाव, कर्ता आणि साल टिपून घ्यायचे, मग ते नाव रोमन लिपीत जितक्या प्रकारांनी बिघडवता येईल तितक्या प्रकारांनी बिघडवून एकेक शोधून पाहायचे. पुष्कळदा चौथ्या-पाचव्या खेपेला पुस्तक सापडते, आणि लेखकाच्या जागी 'नॉट अव्हेलेबल' असते.