गाठ काढल्यावर किती वर्षं?

भिवंडीत छातीच्या फोटोत डाग दिसला की पहिला शब्द 'टीबी'. त्यात आमचा मामा म्हणजे सगळं आयुष्य मागाच्या खटखटाटात आणि कापसाच्या तुसात गेलेला. सीटी स्कॅनमध्ये १४ मिलिमीटरची गाठ दिसली तेव्हा घरात सगळ्यांनी टीबीच धरला. पेट स्कॅनमध्ये टीबीची गाठही कॅन्सरसारखीच उजळू शकते, म्हणून तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. ऑपरेशन ठरलं आणि मामाने फोनवर विचारलं, "फुफ्फुस कापल्यावर माणूस किती जगतो रे?"

म्हणून थोडा इतिहास चाळला.

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी जेम्स गिलमोर यांचं अख्खं डावं फुफ्फुस कॅन्सरसाठी काढलं. गिलमोर स्वतः डॉक्टर, वय ४८. ऑपरेशनआधी घरी जाऊन त्यांनी दफनाची जागा विकत घेतली आणि दातही भरून घेतले, असं सांगतात. (म्हणजे आशा अगदीच सुटली नव्हती!) ते त्यानंतर ३० वर्षं जगले, एका फुफ्फुसावर. सिगारेट आणि कॅन्सरचं नातं १९५० मध्ये अर्न्स्ट विंडर यांच्यासोबत दाखवून देणारे ग्रॅहम मात्र १९५७ मध्ये फुफ्फुसाच्याच कॅन्सरने गेले. स्वतः सिगारेट ओढायचे. असो.

पुढे अख्ख्या फुफ्फुसाऐवजी त्याचा एक खंड काढणं रूढ झालं. त्याहून कमी कापलं तर गाठ तिथेच परत येते, असं १९९५ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं आणि तो विषय बरीच वर्षं मागे पडला. २०२२ मध्ये जपानी डॉक्टरांनी २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींच्या ११०६ पेशंटचा निकाल छापला. खंडाचा फक्त एक भाग काढलेल्यांपैकी ५ वर्षांनी ९४.३ टक्के हयात होते, पूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. त्याच बाजूला गाठ परत येण्याचं प्रमाण मात्र पहिल्या गटात १०.५ टक्के, दुसऱ्यात ५.४.

हे आकडे मामाला वाचून दाखवले. शंभरातले नव्वदच्या वर, हे त्याने ऐकलंच नाही बहुतेक.

"म्हणजे परत येऊ शकते."

हो मामा, येऊ शकते. म्हणून तर टाके निघाल्यावरही वर्षानुवर्षं स्कॅनला जायचंय. प्रत्येक वेळी मी येईन बरोबर.