छातीवर नसलेलं नाव

१९७१च्या ऑगस्टात एका रात्री तैवानमधल्या तैनान शहरात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही, असं आमचे घरमालक सांगतात. शिंचूत त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. सगळी गल्ली त्यांना आकाँग म्हणते, आपण आजोबा म्हणावं तसं. म्हणून मीही म्हणतो. तेव्हा ते शाळकरी होते. टीव्ही गल्लीत एकाच घरी, सोनाराकडे. गर्दी एवढी झाली की सोनाराच्या बायकोने दाराची कडी लावायचा नाद सोडला आणि सरळ शेवयांचं पातेलं चढवलं.

अमेरिकेत विल्यम्सपोर्टला लिटल लीग बेसबॉलचा जागतिक अंतिम सामना होता आणि त्यात उतरली होती तैनानचीच बाराएक वर्षांची पोरं. सामना सहा डावांचा. ३-३ अशा बरोबरीमुळे नवव्यापर्यंत लांबला. त्या एका डावात पोरांनी नऊ धावा लुटल्या. १२-३! पहाटे फटाक्यांनी कानठळ्या बसल्या. मैदानावर एक विमान तैवानच्या स्वातंत्र्याची घोषणा मिरवत घिरट्या घालत होतं, हे आकाँगना कळलं फार वर्षांनी. देशात तेव्हा मार्शल लॉ होता. असलं बोलायची सोय नव्हती. दोनच महिन्यांनी संयुक्त राष्ट्रांतली खुर्चीही गेली.

बेसबॉल इथे आणला जपान्यांनी. आकाँगचे वडील सांगत ती गोष्ट १९३१ची: जियायीच्या शेतकी शाळेचा संघ जपानच्या कोशिएन स्पर्धेत थेट अंतिम फेरीत पोचला. संघात जपानी, हान आणि आदिवासी मुलं एकत्र. ते ४-० असे हरले, पण वडिलांच्या सांगण्यात हरण्याचा भाग दर वेळी आखूड होत जाई.

दुसरी दंतकथा होंग्येची. तैतुंगच्या डोंगरातल्या या बुनुन आदिवासी गावच्या शाळेने १९६८मध्ये जपानहून आलेल्या संघाला ७-० असं लोळवलं. मुलं काठ्यांनी दगड टोलवत शिकली, असं लोक सांगतात. पुढे निघालं ते असं, की काही मुलं वयाने मोठी होती आणि दुसऱ्यांच्या नावांवर खेळली होती. प्रकरण कोर्टात गेलं. मी हे जरा खवचटपणे काढलं, तर आकाँग शांतपणे म्हणाले, “पोरं खोट्या नावाने खेळली, खरंय. देश तरी कुठे खऱ्या नावाने खेळतो?”

ऑलिंपिक समितीशी झालेल्या १९८१च्या करारापासून तैवानचा संघ ‘चायनीज तैपेई’ म्हणून मैदानात उतरतो. १९८४ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल नुसता प्रदर्शनीय खेळ होता, तिथे कांस्य. १९९२ला बार्सिलोनात क्यूबाकडून ११-१ असा मार खाऊन रौप्य. क्यूबा-जपानच्या हिशेबापुढे ही शिल्लक किरकोळच. तरी इथल्या पाचशेच्या नोटेवर पुढारी नाही, बेसबॉलची पोरं आहेत.

२००८ला बीजिंगमध्ये चीनकडून बाराव्या डावात ८-७ असे हरले. तो विषय घरात निघत नाही. २०१३चा मात्र रोज निघू शकतो. टोकियो, जागतिक बेसबॉल क्लासिक, जपानविरुद्ध एका धावेची आघाडी, नवव्या डावात दोन बाद. एक, फक्त एक बाद हवा होता. तोरितानीने दुसरा बेस चोरला, इबाताने चेंडू टोलवला, बरोबरी झाली आणि दहाव्यात सामना गेला. तोरितानी धावला तो क्षण आकाँग उभं राहून करून दाखवतात, गुडघ्यांची तक्रार विसरून.

२४ नोव्हेंबर २०२४. पुन्हा टोकियो, प्रीमियर १२चा अंतिम सामना. जपान सलग २७ आंतरराष्ट्रीय सामने जिंकून आलेला. पाचव्या डावात लिन चिया-चेंगचा होमरन, मग कर्णधार चेन चिये-शियेनचा तीन धावांचा. बेस फिरताना चेनने दोन्ही हातांच्या बोटांनी छातीवर रिकामी चौकट काढली. इतरांच्या छातीवर तिथे देशाचं नाव असतं. याच्या शर्टावर ‘तैवान’ नाही. ४-०. एवढ्या मोठ्या स्पर्धेतलं हे पहिलंच विजेतेपद.

खाली हॉलमध्ये सून रडत होती, नातू सोफ्यावर उड्या मारत होता. आकाँगनी सगळ्यांना बियर ओतली, दोन घोट घेतले आणि माझ्याकडे वळून २०१३मध्ये पिचर कधी बदलायला हवा होता ते पुन्हा पहिल्यापासून समजावायला घेतलं.