डेस्कटॉप की लॅपटॉप : संगणक निवडताना विचारात घ्यावयाच्या बाबी

बेंगळुरू : मार्च २०२० मध्ये येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगितले, तेव्हा लॅपटॉपधारकांचे काम त्यांच्यासोबतच घरी गेले. डेस्कटॉप वापरणाऱ्यांपर्यंत मात्र अनेक कंपन्यांना वाहनांतून संगणक पोहोचवावे लागले. संगणक जागचा हलणार आहे काय, हा खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न त्या काळात ठळकपणे पुढे आला. विद्यार्थी असलेल्या कुटुंबात अनेकदा एकच संगणक घेणे शक्य असते आणि तो काही वर्षे पुरवावा लागतो. म्हणूनच ही निवड विचारपूर्वक करणे आवश्यक ठरते.

कार्यक्षमता : प्रोसेसरच्या मालिकेचे नाव सारखे असले, तरी दोन्ही यंत्रांची क्षमता सारखी नसते. लॅपटॉपमधील प्रोसेसर साधारणतः १५ ते ४५ वॅट, तर डेस्कटॉपमधील ६५ वॅट वा त्याहून अधिक वीज गृहीत धरून घडवलेले असतात. बंदिस्त जागेत उष्णता साचल्यास लॅपटॉप आपला वेग कमी करतो. चित्रफीत संपादन, त्रिमितीय आरेखन अशा दीर्घकाळ चालणाऱ्या कामांत हा फरक जाणवतो. लेखन, हिशेब वा ऑनलाइन वर्गांत तो फारसा जाणवत नाही.

दुरुस्ती : डेस्कटॉपचे बहुतेक भाग प्रमाणित मापाचे असल्याने ते सुटे बदलता येतात. बेंगळुरूतील सदर पत्रप्पा रस्ता, अर्थात एस. पी. रोड, हा अशा सुट्या भागांच्या बाजारपेठेसाठी ओळखला जातो. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असल्याने ती नंतर वाढवता येत नाही. बॅटरीची क्षमताही वापरागणिक घटत जाते. त्यामुळे लॅपटॉप घेताना रॅम पुढील गरज ओळखूनच निवडावी.

वीज : मॉनिटरसह डेस्कटॉपला १५० वॅट आणि लॅपटॉपला ५० वॅट लागतात असे धरल्यास, रोज आठ तासांच्या वापरात अनुक्रमे १.२ आणि ०.४ युनिट वीज खर्च होते. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो. डेस्कटॉपसाठी यूपीएसचा खर्च वेगळा धरावा लागतो.

आरोग्य : लॅपटॉपचा पडदा व कळफलक एकमेकांना जोडलेले असल्याने मान खाली झुकते. सलग बैठकीसाठी स्टँड, स्वतंत्र कळफलक व माउस घेणे हितावह असून ही रक्कम किमतीत मिळवूनच तुलना करावी.

जुना संगणक : विंडोज १० साठीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आवश्यक असल्याने वापरलेले यंत्र घेताना ती आहे का, हे तपासावे.

निष्कर्ष : महाविद्यालय, वसतिगृह वा कार्यालय यांत सतत ये-जा असेल, तर लॅपटॉपला पर्याय नाही. संगणक एकाच टेबलावर राहणार असेल, घरातील अनेकजण तो वापरणार असतील किंवा काम जड असेल, तर त्याच रकमेत डेस्कटॉप सामान्यतः अधिक क्षमता देतो आणि टप्प्याटप्प्याने सुधारता येत असल्याने अधिक काळ साथ देऊ शकतो.