तंबाखूच्या वेष्टनावरील थोरांची नावे : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना
वेरूळ हे गाव लेण्यांइतकेच भोसले घराण्यामुळेही इतिहासप्रसिद्ध आहे. मालोजीराजे भोसले यांची गढी येथे असून घृष्णेश्वर मंदिराच्या जीर्णोद्धाराशी त्यांचे नाव निगडित आहे. छत्रपती संभाजी महाराज हे त्यांचे पणतू. 2023 पासून हा जिल्हा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्यांचे नाव 2021 पर्यंत विडीच्या बंडलावर होते. लौकिकाच्या आधारे तंबाखू विकण्याच्या प्रथेचा व तिला झालेल्या विरोधाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अमेरिकेतील चित्रकार्डे
1880 च्या दशकात सिगारेटचे यंत्रोत्पादन सुरू होऊन अमेरिकन कंपन्यांत स्पर्धा वाढली. सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून पाकिटात जाड कार्ड घालीत. त्यावर बेसबॉल खेळाडूंची चित्रे आली. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीची ‘ओल्ड जज’ कार्डे याच दशकातील होत. संच पूर्ण करण्याच्या हौसेने गिऱ्हाईक पुनःपुन्हा तीच सिगारेट घेई. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पाचशेहून अधिक कार्डांचा संच काढला. ख्यातनाम खेळाडू होनस वॅग्नर याचे कार्ड मात्र लवकरच थांबले. कार्डासाठी मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये, ही त्याची भूमिका होती असे एक मत. प्रश्न मोबदल्याचा होता असे दुसरे. तो स्वतः तंबाखू चघळत असे, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. 2022 मध्ये त्याचे एक कार्ड 72 लाख 50 हजार डॉलरला विकले गेले.

महाराष्ट्रातील उदाहरण
पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी बिडी’ अनेक दशके प्रचलित होती. येथे कार्ड नव्हते. नावाची पुण्याईच विक्रीस साहाय्यभूत होत असे. 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी घातली आणि 2009 पासून वेष्टनावर सचित्र इशारा सक्तीचा झाला. तरी नाव टिकून राहिले. ते गेले लोकमताच्या रेट्याने. 2020 मध्ये आंदोलन तीव्र झाले व 2021 मध्ये ‘साबळे बिडी’ हे नाव आले.

निष्कर्ष
वॅग्नर हयात होता. त्याला स्वतःचा नकार देता आला. 1689 मध्ये हौतात्म्य पत्करलेल्या महाराजांच्या वतीने तो नकार समाजाला द्यावा लागला. परंतु आपल्या आंदोलनाचा केंद्रबिंदू नावाची अप्रतिष्ठा हा होता, ओढणाऱ्याची हानी नव्हे. म्हणूनच नाव बदलले, विडी मात्र तीच राहिली. थोरांचा मान राखणाऱ्या समाजाने सामान्यांच्या आरोग्याचाही तितक्याच आग्रहाने विचार करणे अगत्याचे आहे.