बॅटरी चार्जिंग करून मिळेल

‘बॅटरी चार्जिंग करून मिळेल’ अशी पाटी तालुक्याच्या गावात एखाद्या तरी दुकानावर असायचीच. फलटणला आमच्या अण्णांच्या दुकानावर होती. लांबट खोली, भिंतीला रेक्टिफायर, फरशीवर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने मालकाचं नाव.

लग्नसराईत स्पीकरवाले यायचे, कारण वीज न पोचलेल्या वस्त्यांवर लाऊडस्पीकर बॅटरीवरच वाजायचा. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रकवाले. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ लागलं आणि शनिवारी संध्याकाळी रांग लागू लागली. छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बारा व्होल्टवर चालायचा, आणि रविवारी सकाळी नेमकी वीज जाईल ही धास्ती घरोघरी असे.

काम कसबाचं होतं. बॅटऱ्या एकीला एक जोडून ‘लाइन’ लावायची, म्हणजे सगळ्यांतून सारखाच करंट जातो. म्हणून लहान बॅटरी मोठ्यांच्या लाइनीत घालायची नाही, ती तापते. ऐंशी अँपिअर-अवरची असेल तर आठ अँपिअर, त्याहून घाई नाही. संध्याकाळी लावलेली सकाळी भरते. बुचं उघडी ठेवायची, वायू बाहेर पडतो, म्हणून आत विडी बंद. हायड्रोमीटरमध्ये ग्रॅव्हिटी बाराशे पन्नासच्या आसपास आली, की अण्णा बॅटरी लाइनीतून काढत. अ‍ॅसिडने भोकं पडलेले त्यांचे सदरे आई शेवटपर्यंत रफू करत राहिली.

ज्याचं काम रात्रभर खोळंबणार, त्याला अण्णा भाड्याची बॅटरी देत. आपली ठेवा, ही न्या, उद्या बदलून घ्या. आज बॅटरी स्वॅपिंगची जी योजना नवी म्हणून मांडली जाते, ती मी लहानपणी रोज पाहिली आहे.

पुढे वाड्यावस्त्यांवर वीज आली, पाणी न घालावं लागणाऱ्या सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि धंदा आटला. पण याच फलटणमध्ये, निंबकर कृषी संशोधन संस्थेत, अनिल राजवंशी १९९०च्या दशकात विजेवरच्या सायकलरिक्षावर काम करत होते. देशात ई-रिक्षा दिसू लागण्याच्या कितीतरी आधी! गावाने याचा अभिमान बाळगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

२०१८च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला, की वाहनाची बॅटरी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. त्यासाठी वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. अण्णा आयुष्यभर नेमकी हीच सेवा देत होते.

म्हणूनच आता चार्जर फक्त हायवेच्या हॉटेलांपुढे बसवण्याचा आग्रह मला पटत नाही. ज्याच्या अंगणात गाडी उभी राहते, तो घरच्या प्लगवर भागवतो. अडचण वाड्यातल्या भाडेकरूची, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची, दिवसभर फिरणाऱ्या रिक्षावाल्याची आहे. त्यांना पन्नास किलोवॉटचा फास्ट चार्जर नको. ‘भारत एसी ००१’ प्रकारच्या साध्या चार्जरवर प्रत्येकी ३.३ किलोवॉटने तीन गाड्या एकदम लागतात. एसटी स्टँड, तहसील कचेरी, आठवडी बाजार, म्हणजे गाडी तशीही दोन-चार तास उभी राहते तिथे तो हवा. आणि प्लग बसत नसेल किंवा पैसे अडकले, तर हाक मारल्यावर ओ देणारा माणूस तिथे हवा. गावातले जुने बॅटरीवाले आणि ऑटो इलेक्ट्रिशियन अजून आहेत. हे काम आधी त्यांना विचारावं.