अकरा ओळी नाहीशा झाल्या तेव्हा

मागच्या वेळी आपण पॅकेज मॅनेजरच्या गोष्टीपर्यंत आलो होतो. आज फक्त एका दुपारकडे बघू. २२ मार्च २०१६, मंगळवार. कॅलिफोर्नियात साधारण अडीच वाजलेले.

त्या सुमाराला ठिकठिकाणचे बिल्ड कोसळू लागले. कोड कालचाच, एक अक्षरही बदललेलं नाही, आणि पडद्यावर ४०४ : ‘लेफ्ट-पॅड’ रजिस्ट्रीत नाही. आता हे कोण? आपण ते कधी मागवलं होतं? तर, बहुतेकांनी मागवलं नव्हतंच. त्यांनी घेतलं होतं बॅबेल. त्याच्या साखळीत कुठेतरी खाली ‘लाइन-नंबर्स’ नावाचं पॅकेज होतं, आणि त्याला लेफ्ट-पॅड लागत होतं. काम एवढंच, की मजकुराला डावीकडून भर घालून तो ठरलेल्या लांबीचा करायचा. ‘९’ चं ‘०९’. सगळा मिळून अकरा ओळींचा कोड!

भांडण मात्र भलत्याच पॅकेजवरून होतं. अझेर कोचुलू यांनी ‘किक’ नावाचं एक पॅकेज एनपीएमवर ठेवलं होतं. किक ही मेसेंजर कंपनी. तिला ते नाव हवं होतं. ट्रेडमार्कचा विषय निघाला, कोचुलू नाही म्हणाले, आणि एनपीएमने नाव कंपनीच्या हवाली केलं. कोचुलूंनी मग आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस काढून घेतली. रागाच्या भरात केलं म्हणा हवं तर. पण नियमाने तसं करायची मुभा होती, हे आपण विसरू नये.

दुरुस्तीची गंमत पुढे आहे. दहाच मिनिटांत कॅमरून वेस्टलंड यांनी तेच काम करणारं पॅकेज त्याच नावाने चढवलं, आवृत्ती १.०.०. तरी बिल्ड पडतच राहिले! कारण लाइन-नंबर्सने नेमकी ०.०.३ मागितली होती, दुसरी चालणार नव्हती. शेवटी नव्या मालकाच्या विनंतीवरून एनपीएमने जुनी ०.०.३ बॅकअपमधून परत आणली. तोवर अडीच तास गेले होते.

आठवड्याभरात नियम बदलला : त्या वेळी ठरलं, की चोवीस तासांहून जुनी आवृत्ती लेखकाला परस्पर काढता येणार नाही. आणि २०१७ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणात ‘पॅडस्टार्ट’ आलं, म्हणजे ते काम आता भाषाच करते. लेफ्ट-पॅड आजही रजिस्ट्रीत आहे. त्यावर सूचना दिसते : हे वापरू नका, पॅडस्टार्ट वापरा.