आजोबांचा दाखला

मंगळवार, 27 फेब्रुवारी 1968. वेस्टमिन्स्टरला सेंट स्टीफनच्या दारापाशी तुम्ही रांगेत उभे आहात. मोबाइल घरी ठेवून आलात ते बरं केलंत. इथे आज कॅमेरा नाही, रेडिओवरून प्रक्षेपणही नाही. खासदार काय बोलतात ते ऐकायचं तर असं ताटकळून प्रेक्षक सज्जात जागा मिळवायची, नाहीतर उद्या हॅन्सर्ड, म्हणजे कामकाजाचा छापील वृत्तांत, वाचायचं.

वर जाऊन बसलात की पहिल्यांदा जाणवतं ते सभागृहाचं लहानपण. 630 खासदार आणि बसायला जागा 427. जुनं सभागृह 1941 च्या बॉम्बफेकीत जळालं. 1950 मध्ये नवं उभं राहिलं तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी एकेक वस्तू भेट दिली. सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, दरवाजे भारत आणि पाकिस्तानचे. आज याच सभागृहात दारं लावून घेण्याचं विधेयक आलंय.

गृहमंत्री जेम्स कॅलहन उभे राहतात. मजूर पक्षाचा माणूस, आवाजात घाई नाही. घाई सगळी विधेयकात आहे. गेल्या गुरुवारी घोषणा झाली, आज दुसरं वाचन, आणि शुक्रवारपर्यंत राणीची संमती मिळवायची आहे. त्यांचं म्हणणं असं की पूर्व आफ्रिकेत सुमारे दोन लाख आशियाई लोकांना ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क आहे. ते सगळे एकदम आले तर घरं, शाळा, शेजारपाजार, सगळ्यांवर ताण येईल. समोरच्या बाकांवरून हुजूर पक्षाचे क्विंटिन हॉग पाठिंबा देतात. सरकार आणि विरोधक असे एका सुरात आले की सज्जात बसलेल्याने सावध व्हावं, असं माझं मत आहे.

हे लोक कोण, ते आज सकाळी हीथ्रोवर गेला असतात तर दिसलं असतं. नैरोबीहून आलेल्या विमानातून उतरणारा गुजराती दुकानदार, रेल्वेतला पंजाबी मिस्त्री, सरकारी कचेरीत खर्डेघाशी केलेला गोवेकर कारकून. अंगावर सूट, बरोबर बायकामुलं, हातात ब्रिटिश पासपोर्ट. डिसेंबर 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला तेव्हा त्यांना नव्या देशाचं नागरिकत्व घ्यायला दोन वर्षांची मुदत होती. पुष्कळांनी ते घेतलं नाही, ब्रिटिश नागरिकत्वच ठेवलं. मग 1967 मध्ये केनियाने कायदे केले आणि नागरिक नसलेल्यांना नोकरीला परवाना, धंद्याला परवाना अशी अडवणूक सुरू झाली. त्या एका वर्षात ब्रिटनला सुमारे 13,600 जण आले.

पासपोर्टातली मेख समजून घ्या, कारण सगळा वाद तिच्यावर आहे. 1962 च्या कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर बंधनं घातली, पण लंडनच्या सरकारने दिलेला पासपोर्ट असेल त्याला मोकळीक ठेवली. वसाहतीच्या गव्हर्नरने दिलेला पासपोर्ट त्यात बसत नव्हता. केनिया स्वतंत्र झाला, गव्हर्नर गेला, त्याच्या जागी ब्रिटिश उच्चायुक्त आला. उच्चायुक्ताने दिलेला पासपोर्ट म्हणजे लंडनचाच पासपोर्ट. म्हणजे माणूस तोच, दुकान तेच, पण स्वातंत्र्यामुळे त्याचा ब्रिटनवरचा हक्क पक्का झाला. ही निव्वळ नजरचूक होती की दिलेला शब्द, यावर हुजूर पक्षाचेच दोन माजी वसाहतमंत्री भांडताहेत. डंकन सँडिस म्हणतात, असं काही ठरलंच नव्हतं. इयन मॅक्लाउड म्हणतात, ठरलं होतं, जाणूनबुजून ठरलं होतं, आणि दिलेला शब्द पाळायचा असतो. पक्षाचा आदेश धुडकावून ते विरोधात मत देणार आहेत.

आता विरोधी बाजूला, मधल्या वाटेच्या खालच्या अंगाला बघा. लिबरलांच्या तोकड्या बाकावरून डेव्हिड स्टील उठतात. वय 29. 1965 च्या पोटनिवडणुकीत निवडून आले तेव्हा ते सभागृहातले सगळ्यात लहान खासदार होते. गेल्या ऑक्टोबरात गर्भपाताचा कायदा झाला तो त्यांच्याच खासगी विधेयकातून, तेव्हा नाव घरोघरी पोचलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीचे ते ब्रिटनमधले अध्यक्षही आहेत. पण आजच्या चर्चेत त्यांच्या शब्दाला वजन येतं ते वेगळ्या कारणाने. वडील स्कॉटलंडच्या चर्चचे धर्मोपदेशक, त्यांची नेमणूक नैरोबीला झाली आणि स्टील यांची शाळकरी वर्षं तिथे गेली. गोऱ्यांची शाळा वेगळी, आशियाईंची वेगळी, आफ्रिकनांची वेगळी, असं ते शहर. ज्यांच्याविषयी आज सभागृहात आकडे फेकले जाताहेत त्यांची दुकानं या तरुणाने येता-जाता पाहिलेली आहेत.

स्टील यांचा विरोध दोन गोष्टींवर उभा आहे. शब्द मोडला जातोय, ही एक. आणि ब्रिटिश नागरिकांतच वरचा आणि खालचा असे दर्जे पाडले जाताहेत, ही दुसरी. मला दुसरी अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती विधेयकाच्या कलमावर नेमकं बोट ठेवते. कलमात कातडीच्या रंगाचा उल्लेख कुठेही नाही. अट इतकीच की पासपोर्टधारक स्वतः, त्याचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणीतरी ब्रिटनमध्ये जन्मलेलं, दत्तक आलेलं किंवा तिथे नागरिकत्व मिळवलेलं असावं. नैरोबीतल्या गोऱ्या मळेवाल्याचे आजोबा डेव्हनचे निघतात, त्याला वाट मोकळी. किसुमूच्या दुकानदाराचे आजोबा जामनगरचे, त्याने वर्षाकाठच्या 1,500 प्रवेश-व्हाउचरांसाठी रांग लावायची. आजोबांच्या जन्मगावावरून नातवाची वाट ठरवणारे दाखले आपल्यालाही अनोळखी नाहीत, त्यामुळे ही युक्ती कळायला तुम्हाला वेळ लागत नाही. आणि इंग्रजांना फार नावं ठेवू नका. याच सुमारास मुंबईत ‘मार्मिक’ साप्ताहिकाने परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून झाल्या आहेत.

आणखी एक गोष्ट बाकावरच्या विरोधकांना दिसते, मंत्र्यांना दिसत नाही किंवा दिसूनही सोयीची नाही. लोंढा वाढला म्हणून कायदा, असं कॅलहन म्हणतात. पण सँडिस आणि त्यांच्याच पक्षाचे ईनॉक पॉवेल दार बंद करा म्हणून भाषणं ठोकू लागले, कायदा येणार ही कुणकुण नैरोबीला लागली, आणि जे एरवी दोन वर्षांनी निघाले असते ते याच महिन्यात विमानाची तिकिटं काढून बसले.

खालच्या बाकांवर नजर फिरवून भारतीय वंशाचा चेहरा शोधाल तर एकही सापडणार नाही. दादाभाई नौरोजी गेल्या शतकातले. मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला बॅटर्सीहून निवडून येत, तेही 1929 मध्ये हरले. ज्यांचं दार बंद होतंय त्यांच्यातलं बोलायला कोणी नाही. बोलताहेत ते मॅक्लाउड, स्टील, आणि स्वतःच्या सरकारवर चिडलेले मजूर पक्षातले मायकल फूटसारखे सदस्य.

मतविभाजनाची घंटा होते. बाजूने असणारे सभापतींच्या उजवीकडच्या दालनात जातात, विरोधक डावीकडच्या. उजवीकडे इतकी रेटारेटी की दारात माणसं तुंबतात. आकडा येतो: 372 विरुद्ध 62. टाळ्या वाजवायला तर मनाई आहेच, हळहळायलाही मनाई असावी अशा चेहऱ्याने दारवान तुमच्याकडे बघतो. यानंतर एकेका कलमावर चर्चा होते आणि ती रात्रभर चालते. बिग बेनवरचा दिवा तोवर पेटलेला असतो. सभागृह रात्री बसलं आहे याची ती खूण. स्टील आणि त्यांचे सोबती दुरुस्त्या मांडत राहतात, हरत राहतात.

तुम्हाला पुढचंही माहीत आहे, म्हणून थांबायची गरज नाही. उमरावांच्या सभागृहात गुरुवारची चर्चा उत्तररात्रीपर्यंत लांबते, तिथे 109 विरुद्ध 85, आणि 1 मार्चला कायदा होतो. एप्रिलमध्ये हेच कॅलहन घर आणि नोकरीतल्या वर्णभेदाला बंदी घालणारं विधेयक याच सभागृहात मांडतात. आत आलेल्यांना समान वागणूक, पण आत येऊ द्यायचं आजोबा बघून, असा तो एकत्रित हिशेब. 1973 मध्ये युरोपीय मानवाधिकार आयोग या कायद्याचा निवाडा करतो: काही अर्जदारांना दिलेली वागणूक वंशभेदाची आणि मानहानीकारक. तो अहवाल उजेडात यायला 1994 उजाडतं.

त्याआधी 1972 मध्ये युगांडाचा सत्ताधीश इदी अमीन तिथल्या आशियाईंना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणतो. आता सत्तेवर हुजूर पक्ष आहे, पंतप्रधान एडवर्ड हीथ. ब्रिटिश पासपोर्टधारकांना घेणं आंतरराष्ट्रीय कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे, हे त्यांचं सरकार मान्य करतं आणि सुमारे 28,000 जणांना घेतं. स्टील यांच्या बाजूचा मुद्दा तो हाच होता. मात्र 1971 च्या इमिग्रेशन कायद्याने वंशावळीची अट नव्या नावाने कायम ठेवलेली असते, आणि तो लागू होतो 1 जानेवारी 1973 ला, अमीनची मुदत संपून दोन महिनेही झालेले नसताना.